मतमोजणीचा कागद

युद्ध संपलेल्या देशात निवडणूक आली की वडीलधारी मंडळी तरुणांना एक गोष्ट हमखास सांगतात. फार खोलात शिरू नका. आम्ही काय भोगले ते तुम्ही पाहिलेले नाही. निकाल मनासारखा लागो न लागो, गोळीबार तर होत नाही ना? मग पाच वर्षे कळ काढा. या सांगण्यामागे भित्रेपणा नसतो. ज्यांनी घरे जळताना पाहिली, पोरे उचलून नेलेली पाहिली, त्यांना तसे बोलण्याचा अधिकार आहे आणि त्यांना उलट उत्तर देणे जिवावर येते. तरीही ते म्हणणे चुकीचे आहे असे मला ठामपणे वाटते. ते का चुकीचे आहे, हे सिएरा लिओनचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास वाचताना जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, आकाराने महाराष्ट्राच्या पाव हिश्श्यालाही थोडा कमी असलेला देश. लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास. मार्च १९९१ मध्ये लायबेरियाच्या सरहद्दीवरून फोदे सांको याच्या बंडखोर सेनेने तिथे घुसखोरी केली आणि अकरा वर्षे देश पेटत राहिला. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याची अधिकृत घोषणा झाली तोवर सुमारे ५० हजार माणसे मेली होती आणि वीस लाखांवर लोक देशोधडीला लागले होते. ७२ हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली, त्यांत हजारो अल्पवयीन मुले होती. आज या देशातली निम्म्याहून अधिक माणसे पंचविशीच्या आतली आहेत. त्यांनी युद्ध पाहिले नाही, पण युद्धाचे घर त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी निवडणुकीबद्दल प्रश्न विचारला की त्यांना युद्धाचीच आठवण करून दिली जाते.

खरे तर ती आठवण नीट, पहिल्या पानापासून करून द्यायला हवी. ती १९९१ पासून सुरू होत नाही. १९६७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे सियाका स्टीव्हन्स जिंकले. शपथ घेतल्यावर काही तासांतच लष्करप्रमुखाने त्यांना अटक केली. वर्षभराने ते सत्तेवर परतले, आणि ज्या माणसाचा कौल बंदुकीने हिरावला होता त्यानेच पुढे दुसऱ्यांचे कौल हिरावायला सुरुवात केली. १९७३ च्या निवडणुकीत स्टीव्हन्स यांच्या पक्षाच्या गुंडांनी इतकी दहशत माजवली की विरोधी पक्षाने मैदानच सोडले. १९७७ मध्ये फूरा बे कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, ती देशभर पसरली आणि सरकारला निवडणूक घ्यावी लागली. तीही हिंसेत बुडाली. १९७८ मध्ये सार्वमत घेऊन एकपक्षीय राजवट आणली गेली. सार्वमतात ९७ टक्के लोकांनी होकार दिला, असे सरकारने सांगितले. ज्या देशात ९७ टक्के लोक आपला एकमेव हक्क सोडून द्यायला तयार आहेत असे सांगितले जाते, तिथे मोजणी कशी झाली असेल हे उघड आहे. त्यानंतर तेरा वर्षांनी युद्ध सुरू झाले.

युद्धाचे कारण फक्त हिरे होते असे बाहेरच्या जगाने स्वतःला समजावले. हिऱ्यांनी युद्ध पोसले हे खरेच. पण २००४ मध्ये अहवाल देणाऱ्या तिथल्या सत्य व सलोखा आयोगाने मुळाशी बोट ठेवले ते कुशासनावर, भ्रष्टाचारावर, वशिलेबाजीवर आणि तरुणांना कोणत्याच निर्णयात न मिळालेल्या जागेवर. स्टीव्हन्स यांच्या काळात पक्षाने ज्या बेकार पोरांना निवडणुकीपुरते दारू आणि लाठ्या देऊन वापरले, त्यांच्याच धाकट्या भावांना पुढे बंडखोरांनी आणि लष्कराने बंदुका दिल्या. तरुणांच्या प्रश्नांमुळे शांतता बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा डोळ्यांसमोर ठेवावा. तिथे आधी मतपेटी बंद झाली, मग तोंडे बंद झाली, आणि बंदूक त्यानंतर आली.

शांतता आधी की निवडणूक आधी, हा वाद या देशाने केवळ चर्चेपुरता घातलेला नाही, तो रक्ताने लिहिला आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा १९९६ च्या फेब्रुवारीत राजधानी फ्रीटाउनच्या बिंटुमानी हॉटेलात राष्ट्रीय परिषदा झाल्या. देशात लष्करी राजवट होती, अर्ध्या मुलखात युद्ध चालू होते. लष्कराचे म्हणणे होते की आधी शांतता करार होऊ द्या, निवडणुकीचे नंतर बघू. म्हणणे वरकरणी शहाणपणाचे होते. परिषदेतले स्त्रियांचे गट, कामगार संघटना, शिक्षक, धर्मगुरू आणि नागरी संघटना यांनी ते फेटाळले. निवडणूक ठरल्या तारखेलाच, २६ फेब्रुवारीलाच झाली पाहिजे, असे परिषदेने मोठ्या बहुमताने सांगितले. त्या लोकांना युद्ध माहीत नव्हते असे कोण म्हणेल? बंदुकीच्या जोरावर मिळालेली शांतता बंदूकवाल्याच्याच खिशात राहते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

बंडखोरांनी त्याचा जो सूड उगवला तो लिहितानाही हात जड होतो. निवडणूक थांबवा, या नावाच्याच मोहिमेत त्यांनी गावोगाव माणसांचे हात तोडले. मतपत्रिकेवर उमटणारा अंगठा, शाई लागणारे बोट, हेच त्यांचे लक्ष्य होते. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अहमद तेजान कब्बा यांच्या बाजूने भविष्य तुमच्या हातात आहे अशा अर्थाचा प्रचार झाला होता, आणि तोडलेले हात सरकारला दाखवून या, असे बंडखोर त्या माणसांना सांगत, अशा साक्षी नोंदल्या गेल्या आहेत. तरीही लोकांनी मतदान केले. मार्चमध्ये दुसरी फेरी झाली, कब्बा निवडून आले, आणि तेव्हाच्या लष्करी राजवटीचे प्रमुख, एकतीस वर्षांचे ब्रिगेडियर ज्युलियस माडा बिओ यांनी सत्ता त्यांच्या हाती सोपवली. हे नाव लक्षात ठेवावे लागेल.

निवडणूक झाली म्हणून युद्ध थांबले नाही, हेही सांगितले पाहिजे. मे १९९७ मध्ये पुन्हा लष्करी उठाव झाला, जानेवारी १९९९ मध्ये बंडखोर राजधानीत घुसले आणि फ्रीटाउनने आपल्या इतिहासातला सर्वांत भयंकर महिना पाहिला. निवडणूक ही शांततेची जडीबुटी आहे असा माझा दावा नाही. माझे म्हणणे एवढेच की या देशातल्या सामान्य माणसांनी खरा कौल मिळावा म्हणून आपल्या शरीराचे मोल दिले आहे. आमची मते बरोबर मोजली का, असे आज त्यांच्या नातवंडांनी विचारले, तर ते चैनीचा प्रश्न विचारत नाहीत. तो त्यांना वारशात मिळालेला प्रश्न आहे.

आता २००७ कडे येऊ, कारण तिथे माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. २००२ च्या निवडणुकीत कब्बा ७० टक्के मतांनी जिंकले होते. तेव्हा देशात संयुक्त राष्ट्रांचे सैन्य होते आणि लोक युद्ध संपल्याच्या सुटकेतच मतदान करत होते. खरी कसोटी पुढची होती. २००५ च्या अखेरीस शांतिसेना गेली. २००७ मध्ये सत्ताधारी पक्षाचे सोलोमन बेरेवा आणि विरोधी पक्षाचे अर्नेस्ट बाई कोरोमा यांच्यात दुसरी फेरी झाली. निवडणूक आयोगाच्या प्रमुख होत्या क्रिस्तियाना थॉर्प, मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या बाई. मोजणीत त्यांच्यापुढे अशी केंद्रे आली, जिथे नोंदलेल्या मतदारांपेक्षा पडलेली मते जास्त होती. त्यांनी अशा ४७७ केंद्रांची मते रद्द केली. त्यांतली बहुतेक सत्ताधारी पक्षाच्या दक्षिण आणि पूर्वेकडच्या बालेकिल्ल्यातली होती. गहजब झाला, कोर्टात जाण्याची भाषा झाली, देश पुन्हा पेटेल असे इशारे दिले गेले. १७ सप्टेंबरला कोरोमा यांचा शपथविधी झाला आणि कब्बा यांनी सत्ता सोडली. युद्ध संपून पाच वर्षे झालेल्या देशात, विझलेल्या निखाऱ्यांवर बसून, एका बाईने आकडे तपासले, खोटे आकडे खोटे ठरवले आणि देश पेटला नाही. या निर्णयाच्या पद्धतीवर आक्षेप घेता येतात, ते घेतलेही गेले. पण कठोर तपासणी झाली की युद्ध होते, हे भाकीत त्या वर्षी त्या देशात तरी खोटे ठरले.

त्याच निवडणुकीची दुसरी बाजू मात्र अंधारी आहे. दोन्ही बाजूंनी जुन्या लढवय्यांना कामाला लावले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारी पोरे आता पक्षांचे अंगरक्षक म्हणून, सभांचे राखणदार म्हणून, प्रतिस्पर्ध्याच्या सभेत गोंधळ घालणारे म्हणून रोजाने घेतली गेली. तेव्हाच्या प्रचाराचा जवळून अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांनी या पोरांचे बोलणे टिपून ठेवले आहे. सत्ताधारी पक्षाचा रंग हिरवा, विरोधकांचा लाल. पोरे हिरवा शर्ट घालून सत्ताधाऱ्यांचे पैसे घेत आणि मत लालला देत. या प्रकाराला त्यांनी कलिंगडाचे राजकारण असे नाव दिले होते. पोरांच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते. पण पुन्हा पुन्हा विचार केला की जाणवते ते वेगळेच. नागरिक म्हणून या पोरांना कोणी विचारले नाही. त्यांची किंमत केली ती दंडाच्या जोरावरून, आणि त्यांनीही आपला कौल लपवून ठेवूनच वाचवला.

ही पोरे पुढे कुठे गेली? पुष्कळशी मोटारसायकल-टॅक्सीच्या धंद्यात, ज्याला तिथे ओकाडा म्हणतात. बो, केनेमा, मकेनी या शहरांत युद्धानंतर हा धंदा माजी लढवय्यांनीच उभा केला. गाडी बहुधा दुसऱ्याची, मालकाला ठरलेली रक्कम रोज द्यायची, पोलिसांचे हात ओले करायचे, उरेल ते आपले. त्यांनी आपल्या संघटना केल्या, पदाधिकारी निवडले. रस्त्यावरची सर्वांत मोठी संघटित ताकद तीच, म्हणून निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाला तिची आठवण येते. ओकाडावाल्यांची मिरवणूक निघते, टाकीत पेट्रोल पडते, टी-शर्ट वाटले जातात. मतदान झाले की तेच ओकाडावाले शहराची शिस्त बिघडवतात म्हणून त्यांना मधल्या रस्त्यांवर बंदी होते.

दुसरी जागा अताया बेसची. अताया म्हणजे कडक हिरवा चहा. लहानशा किटलीत साखर घालून कोळशावर तो बराच वेळ उकळत ठेवतात, मग एका छोट्या ग्लासातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहतात, फेस येईपर्यंत. चहा होईस्तोवर तास जातो, आणि तो तास बोलण्याचा असतो. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशाखाली, बाकड्यांवर, शिकलेली आणि न शिकलेली बेकार पोरे तिथे फुटबॉलपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळ्यांचा निकाल लावतात. या बैठका पुरुषांच्याच, हे त्यांचे मोठे उणे आहे. देशातल्या तरुण मुलींना प्रश्न विचारायला तेवढीही हक्काची जागा नाही. पण परदेशी निरीक्षकांना जे प्रश्न विमानातून उतरल्यावर सुचतात, ते या बाकड्यांवर वर्षानुवर्षे घोळत असतात.

त्यातले मुख्य प्रश्न असे. आयोगाचा प्रमुख राष्ट्राध्यक्षच नेमतो. कायद्याने इतर पक्षांशी सल्लामसलत आणि संसदेची संमती लागते, पण संसदेत बहुमत कोणाचे असते? नियम ऐन वेळी का बदलतात? २०२३ च्या निवडणुकीआधी जेमतेम आठ महिने असताना मतदारसंघ बाजूला ठेवून जिल्हावार यादीची पद्धत आणली गेली. एखाद्या जिल्ह्यात जवळजवळ १२ टक्के मते मिळाल्याशिवाय जागा मिळणार नाही, असा उंबरठा ठेवला गेला. पक्षाच्या दारात न जाता आपल्या वस्तीच्या जोरावर उभे राहू पाहणाऱ्या तरुण अपक्षाची वाट तिथेच संपली. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. बोलण्याच्या स्वातंत्र्याचेही असेच. बदनामीला फौजदारी गुन्हा ठरवणारा १९६५ चा जुना कायदा २०२० मध्ये रद्द झाला, त्याचे स्वागत झाले. पुढच्याच वर्षी सायबर गुन्ह्यांचा कायदा आला आणि मोबाइलवर लिहिणाऱ्या तरुणांच्या डोक्यावर नवी टांगती तलवार आली. १० ऑगस्ट २०२२ ला महागाईविरोधी आणि सरकारविरोधी निदर्शने फ्रीटाउन, मकेनी आणि कामाक्वी इथे पेटली. वीसहून अधिक नागरिक आणि सहा पोलीस मेले. इंटरनेट काही काळ बंद पडले. त्या पोलिसांना ठेचून मारणाऱ्यांचे समर्थन कोणीही करू नये, मीही करणार नाही. पण दहा महिन्यांवर निवडणूक असताना एवढा राग रस्त्यावर का आला, हा प्रश्न विचारणाऱ्यालाही दंगेखोर ठरवले गेले, हे मला अधिक चिंतेचे वाटते.

आणि मग २४ जून २०२३. राष्ट्राध्यक्षपदावर होते तेच ज्युलियस माडा बिओ, १९९६ मध्ये सत्ता सोडणारे. २०१८ मध्ये ते निवडून आले होते आणि आता दुसऱ्या कार्यकाळासाठी उभे होते. समोर प्रमुख विरोधी पक्षाचे समुरा कमारा. नोंदलेले मतदार सुमारे ३४ लाख, केंद्रे जवळजवळ १२ हजार.

इथे एका कागदाकडे लक्ष द्यावे लागेल, कारण सगळा वाद त्या कागदाचा आहे. संध्याकाळी मतदान संपले की त्याच केंद्रावर, बहुधा शाळेच्या एखाद्या वर्गात, बॅटरीच्या दिव्याच्या उजेडात मोजणी सुरू होते. अधिकारी एकेक मतपत्रिका उलगडून सर्वांना दिसेल अशी धरतो, नाव वाचतो, गठ्ठे लावतो. मग एक नमुना भरला जातो. किती मतदार नोंदलेले, किती आले, किती मतपत्रिका मिळाल्या, किती उरल्या, किती बाद, प्रत्येक उमेदवाराला किती. पक्षांचे प्रतिनिधी खाली सह्या करतात. त्यांना प्रती मिळतात, एक प्रत केंद्राबाहेर भिंतीवर चिकटवायची असते आणि मूळ कागद मोहोरबंद पाकिटातून विभागीय संकलन केंद्राकडे जातो. इतक्या उघडपणे झालेली मोजणी जगात कमी ठिकाणी होत असेल. प्रतिनिधी बहुतेक वेळा तिशीच्या आतलेच असतात. शाळेच्या त्या वर्गात रात्री जागून ज्याने सही केली, त्या पोराला आपल्या केंद्राचा आकडा तोंडपाठ असतो.

पण पाकीट संकलन केंद्रात गेले आणि पुढे पडदा पडला. निरीक्षकांनी तिथल्या बेरजेच्या कामात पुरेशी पारदर्शकता नसल्याची तक्रार केली. २७ जूनला निकाल लागला. बिओ ५६.१७ टक्के, कमारा ४१.१६ टक्के. पहिल्याच फेरीत जिंकायला ५५ टक्के लागतात, म्हणजे दुसरी फेरी एका टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने टळली. त्याच दिवशी शपथविधीही उरकला. देशातल्या शेकडो नागरी संघटनांनी मिळून चालवलेल्या नॅशनल इलेक्शन वॉच या मंचाने निवडक केंद्रांवरच्या प्रत्यक्ष आकड्यांवरून शास्त्रीय पद्धतीने अंदाज काढला होता. त्यांच्या हिशेबाने बिओ पुढे होते, पण ५५ टक्क्यांचा टप्पा कोणीच गाठत नव्हते, म्हणजे दुसरी फेरी व्हायला हवी होती. युरोपीय संघाच्या निरीक्षकांनीही आकडेवारीतल्या विसंगतींकडे बोट दाखवले. मतदान ८३ टक्क्यांच्या आसपास, बाद मते अगदी नगण्य, अशा गोष्टी त्यांना खटकल्या. सर्वांची मागणी एकच होती. केंद्रनिहाय आकडे जाहीर करा.

आयोगाने ते जाहीर केले नाहीत. प्रतिवाद करता आला असता, चूक दाखवता आली असती, मंचाचा अंदाज कुठे फसला ते सिद्ध करता आले असते. त्यासाठी १२ हजार ओळींचा एक तक्ता लागला असता, जो आयोगाच्या संगणकात होताच. उलट मंचाच्या लोकांना धमक्या आल्या. विरोधी पक्ष, न्यायालयावर विश्वास नाही असे म्हणून कोर्टात गेला नाही आणि संसदेवर बहिष्कार टाकून बसला. तेही मला पटत नाही. कोर्टाचे दार ठोठावून नकार घेऊन यायला हवा होता, म्हणजे नकाराची नोंद तरी झाली असती. पण पुराव्याची किल्ली ज्याच्या हाती आहे त्यानेच कुलूप लावले, तर दोष दोघांना सारखा वाटून देता येत नाही.

बिओ खरोखर पहिल्याच फेरीत जिंकले असतीलही. मी त्यांच्या विरोधात निकाल देत नाही, द्यायला माझ्याकडे आकडे नाहीत, आणि मुद्दा नेमका तोच आहे की ते आयोगाबाहेर कोणाकडेच नाहीत. जो जिंकला त्याच्या विजयावरही यामुळे कायमचा डाग राहतो. ज्या माणसाने १९९६ मध्ये गणवेश उतरवून निवडून आलेल्या सरकारला वाट करून दिली, त्याच्या नावाला तरी हा डाग नको होता.

यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप केनियाचा दाखला देऊन घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २००७ मध्ये केनियात मोजणीवरून वाद झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत अकराशेहून अधिक माणसे मारली गेली. बघा, आकड्यांचा वाद घातला की काय होते, असे सांगितले जाते. पण तिथे काय घडले ते नीट पाहावे. तिथेही निकाल घाईने जाहीर झाला आणि अंधार पडता पडता शपथविधी उरकला गेला. नंतर खुद्द आयोगाच्या प्रमुखांनी, खरोखर कोण जिंकले ते आपल्याला माहीत नाही अशी कबुली दिली. लोक भडकले ते आकडे दिसल्यामुळे नव्हे. आकडे दडवले गेले आहेत याची खात्री पटल्यामुळे ते भडकले, आणि जमातींमधले जुने वैर व जमिनीचे तंटे त्यात ओतले गेले.

त्याच केनियाने पुढे काय केले हे सांगायला हे आक्षेपक विसरतात. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द ठरवली. २०२२ मध्ये आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांच्या निकालपत्रकांची छायाचित्रे जशीच्या तशी सर्वांसाठी खुली केली. वृत्तसंस्थांनी, विद्यापीठांतल्या मुलांनी, घरी बसलेल्या माणसांनी आपापल्या बेरजा केल्या. फरक दीड-दोन टक्क्यांचा होता. आयोगातल्या सातांपैकी चार सदस्यांनी निकालापासून हात झटकले, म्हणजे ठिणगी पडायला याहून मोठे कारण नको होते. प्रकरण कोर्टात गेले, निकाल कायम झाला, देश २००७ सारखा पेटला नाही. केनियाचे राजकारण त्यामुळे स्वच्छ झाले असे नाही. तिथले तरुण २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि गोळ्या खाऊन मेले. पण तो झगडा सरकार काय करते याचा होता. सरकार कोणाचे, हा प्रश्न त्यांनी कागद पाहून मिटवला होता.

सिएरा लिओनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये आफ्रिकी संघ, पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना आणि राष्ट्रकुल यांच्या मध्यस्थीने सरकार आणि विरोधी पक्ष यांच्यात राष्ट्रीय ऐक्याचा करार झाला. बहिष्कार मिटला, निवडणूक पद्धतीची चिकित्सा करायला समिती बसली आणि तिने पुढे ८० शिफारशी केल्या. करारानंतर सव्वा महिन्याने, २६ नोव्हेंबरला, काही सशस्त्र लोकांनी फ्रीटाउनमधली लष्करी छावणी आणि मध्यवर्ती तुरुंग यांवर हल्ला केला. सुमारे वीस माणसे मेली, दोन हजारांच्या आसपास कैदी पळाले. सरकारने हा सत्तापालटाचा प्रयत्न असल्याचे सांगितले. या हल्ल्याचा निवडणुकीशी थेट संबंध होता असे मी म्हणणार नाही, त्याला पुरावा लागेल. पण गप्प बसल्याने शांतता टिकते, हे तरी त्या पहाटे कोणाला पटले असेल?

करार झाला याचा मला आनंद आहे. पण तो झाला दोन मोठ्या पक्षांत, बंद दारांआड, बाहेरच्या पाहुण्यांच्या साक्षीने. बेरजेचा तक्ता मागणाऱ्या तरुणांना तो तक्ता मिळाला नाही. भांडणारे दोन भाऊ एकत्र जेवायला बसले म्हणून गहाळ झालेला हिशेब सापडत नाही. बाहेरच्या जगाची चूकही इथेच होते. निरीक्षकांची पथके मतदानाच्या दिवशी येतात, रांगा पाहतात, निवडणूक सर्वसाधारणपणे शांततेत पार पडली असा शेरा देतात. २०२३ मध्ये निदान काहींनी आकड्यांकडे बोट दाखवले, तेही थोडे नाही. पण मदतीचा पैसा, सल्लागार, प्रशिक्षणे हा सगळा ओघ मतदार नोंदणीची यंत्रे आणि मतदान दिवस यांकडे वळतो. संकलन केंद्राच्या बंद खोलीत कोण बसते, याकडे कोणी फारसे बघत नाही.

भारतालाही या देशाबद्दल बोलण्याचा थोडा हक्क आहे आणि म्हणून थोडी जबाबदारीही. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या सेनेचे पहिले सेनापती मेजर जनरल विजयकुमार जेटली होते. मे २००० मध्ये बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले तेव्हा पूर्वेकडच्या कैलाहुनमध्ये दोनशेहून अधिक भारतीय जवान वेढ्यात अडकले होते. अडीच महिन्यांनी, जुलैच्या पावसात, ऑपरेशन खुकरीने त्यांची सुटका केली. ते जवान तिथे कोणाच्या विजयासाठी गेले नव्हते. त्या देशातल्या लोकांना आपले सरकार आपण निवडता यावे, एवढी मोकळीक मिळवून द्यायला गेले होते. आपल्याकडे खुकरीची आठवण शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. त्या मोकळिकीचे पुढे काय झाले, हे विचारणेही त्याच आठवणीचा भाग असायला हवा.

पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. तोवर मतदार होणारी मुले युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी जन्मलेली असतील. त्यांना शांततेची शपथ घालून गप्प करू नये. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी बिंटुमानीत जे केले तेच त्यांना करू द्यावे. मागणी मोठी नाही. प्रत्येक केंद्राचे निकालपत्रक, सह्यांसकट, जसेच्या तसे, शपथविधीच्या आधी सर्वांना पाहता येईल असे उघड करणे कायद्याने बंधनकारक करा. निकाल आणि शपथविधी यांत तक्रार ऐकून घेण्याइतके दिवस ठेवा. आयोगाचा प्रमुख नेमताना विरोधकांची संमती खऱ्या अर्थाने घ्या. यातली पहिली गोष्ट तर फारशा खर्चाचीही नाही. ती करायची तयारी जो पक्ष आजच, सत्ता कोणाची येणार हे ठरण्याआधी दाखवेल, त्याच्याच पाठीशी तिथल्या तरुणांनी उभे राहावे, आणि टी-शर्ट वाटणाऱ्या प्रत्येकाला आधी हाच प्रश्न विचारावा.